आईला घरी सोडायची गाडी

दुपारचा चहा झाला की आईला घरी जायचं असे. ती घरीच असे, एवढीच काय ती यातली अडचण.

कप विसळून पालथा घालायचा, कोटाची बटणं खालपासून वरपर्यंत लावायची, पर्स काखेत धरायची आणि दाराशी उभं राहायचं. मग चार घटका बसून उठलेली पाहुणी ज्या सुरात बोलते त्या सुरात ती म्हणायची, "बराय, निघते. फार उशीर झाला. मुलं वाट बघत असतील."

चष्मेवाल्याने सुरुवातीला तिच्याशी वाद घालून पाहिला. चष्मेवाला म्हणजे तिचा धाकटा मुलगा, चष्म्यांचं दुकान चालवणारा. पन्नाशी उलटलेली, डोक्यावरचे केस कानांच्या वर तेवढे उरलेले. "आई, अगं हेच तुझं घर. आणि मुलगा मीच," असं तो छातीला हात लावून सांगे. आई त्याच्याकडे नीट पाही. मग त्याचं मन मोडू नये अशा बेताने म्हणे, "असेल हो. पण आमचा धाकटा फार हट्टी आहे. मी गेल्याशिवाय जेवायचा नाही."

हट्टी होता हे खरंच होतं. त्यामुळे तो वाद दुसऱ्या दुपारी पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.

उपाय सापडला तो कंटाळ्यातून. एका दुपारी वाद घालून घालून थकल्यावर तो म्हणाला, "चल बाई, सोडतो तुला घरी." आई लगेच गाडीत जाऊन बसली. त्याने हीटर लावला, शाळेवरून, पुलावरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून गाडी फिरवली. पायांना ऊबदार वारा लागला तशी आई डुलायला लागली आणि पुलाच्या अलीकडेच झोपली. तो तिला परत आपल्याच फाटकाशी घेऊन आला. गाडी थांबली, आईने डोळे उघडले, घराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की चष्मेवाल्याला मान वळवावी लागली.

"आलं एकदाचं घर," ती म्हणाली. "उपकार झाले हो. आता आत या, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

स्वतःच्या घरी स्वतःच्या आईने चहाला बोलावलं, तर नाही कसं म्हणणार? तेव्हापासून तो रोज दुपारी दुकानाला 'परत येतो'ची पाटी लावून यायचा, आईला घरून घरी सोडायचा आणि वर चहा प्यायचा. संध्याकाळ मग सुरळीत जायची. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कुठलं औषध आहे?" "हीटर," तो म्हणाला. "चालू ठेवा," त्या म्हणाल्या.

या औषधाला पथ्य मात्र कडक होतं. गाडी मध्ये कुठेही थांबवायची नाही. लांबून लाल दिवा दिसला की आधीच रेंगाळत जायचं, म्हणजे पोचेपर्यंत तो हिरवा होतो. थांबायचं ते दारातच. एकदा पेट्रोल पंपावर थांबायची चूक झाली, तेव्हा आई जागी झाली, भांबावली आणि उतरून पंपावरच्या एका बाईंच्या मागे त्यांच्या घरी निघाली. त्या बाईंना समजवता समजवता नाकीनऊ आले. आईपेक्षा त्यांनाच जास्त समजवावं लागलं.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, बऱ्याच लांबच्या गावी होता. तो लिफ्टची तपासणी करणारा अधिकारी. कुठल्या लिफ्टमध्ये किती माणसांनी चढायचं हे तो ठरवी, आणि ही सवय त्याला घरगुती बाबतींतही होती. दर फोनवर तो एकच विचारी, "झेपतंय का तुम्हाला?" शेवटी त्याने सांगून टाकलं. त्याच्या घराजवळ वृद्धांचा एक चांगला निवास होता. तिथली एक खोली रिकामी झाली होती. अशा ठिकाणी खोली कशी रिकामी होते हे कुणी विचारत नाही.

"रविवारी येतो," दादा म्हणाला. "दुपार कशी जाते ते माझ्या डोळ्यांनी बघतो. निभत असेल तर राहू दे तुझ्याकडे, मला आनंदच आहे. नसेल निभत तर घेऊन जातो."

"निभतंय की," चष्मेवाला म्हणाला. "झकास निभतंय."

त्याच आठवड्यात हीटर गेला.

आधी गोड वास आला, सरबताचा यावा तसा. मग समोरची काच आतून धुरकट झाली, आणि पुसली तर बोटांना चिकट लागली. मग आईच्या पायाखालची सतरंजी ओली झाली. गॅरेजवाल्याने पायाशी हात घालून वास घेतला आणि चेहरा पाडला. त्याच्या धंद्यात चेहरा आधी पडतो, निदान नंतर येतं.

"हीटर कोअर गेला," तो म्हणाला. "म्हणजे बघा, इंजिनातलं गरम पाणी, तेच हिरवं, गोड वासाचं, दोन नळ्यांनी एका छोट्या जाळीत येतं. पंखा त्या जाळीवरून वारा मारतो, तो तुमच्या पायाला लागतो. ती जाळी फुटली."

"छोटी आहे ना?"

"छोटी म्हणजे, वहीएवढी."

"मग बदला की."

"बदलू. फक्त ती डॅशबोर्डच्या पोटात असते. सगळा डॅशबोर्ड उतरवायचा. साहेब, कारखान्यात आधी हा कोअर ठेवतात आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधतात." त्याने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, एक पान उलटलं, दुसरं उलटलं. "पुढच्या महिन्यात आणा."

तोवर चालावी म्हणून त्याने हीटरच्या दोन नळ्या एकमेकींना जोडून दिल्या. गाडी धावू लागली, पण थंडगार. चष्मेवाल्याने आईच्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली, मांडीवर दोन ब्लँकेटं टाकली. आई पुलापर्यंत गप्प बसली. मग म्हणाली, "ही तुमची नेहमीची गाडी नाही. तुम्ही मला दुसरीकडेच नेताय." आणि दाराचा खटका शोधायला लागली.

त्या दिवशी चष्मेवाल्याने ठरवलं, की नवा कोअर विकत आणून आपणच बदलायचा.

त्याची बायको टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात सकाळच्या पाळीला होती. दिवसभर लोकांचं शांतपणे ऐकून घेण्याचा तिला पगार मिळे. घरी ते ती फुकट करी.

"अहो, तुम्ही आजवर उघडलेलं सगळ्यात मोठं यंत्र म्हणजे टोस्टर," ती म्हणाली. "आणि तो अजून उघडाच आहे."

"मी दिवसभर स्क्रूच पिळतो."

"चष्म्याला असतात किती स्क्रू?"

"तत्त्व तेच असतं."

"तत्त्व तेच आहे, पण चष्म्याला एअरबॅग नसते."

"बॅटरीची वायर आधी काढून ठेवायची. व्हिडिओत सांगितलंय."

"तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे," बायको म्हणाली. वाद संपल्याची ही त्यांच्या घरातली खूण होती.

व्हिडिओतल्या माणसाचे हात काळे हातमोजे घातलेले आणि अत्यंत आत्मविश्वासू होते. "आता हे अलगद ओढायचं," असं तो म्हणे, मध्ये चित्र जरासं हलल्यासारखं होई, आणि पुढच्या क्षणी ती वस्तू त्याच्या हातात असे. चष्मेवाला अलगद ओढी, चित्र हलत नसे, वस्तूही हलत नसे. मग तो जोर लावी आणि कुठेतरी आत 'टक' असा आवाज होई. तो आवाज कशाचा, ते व्हिडिओत नव्हतं.

शुक्रवारी दुकान बंद ठेवून त्याने गाडी अंगणात घेतली. स्टिअरिंगखालचं झाकण निघालं, रेडिओ निघाला, हातमोजे ठेवायचा कप्पा निघाला. त्या कप्प्यात आईचे तीन हातमोजे मिळाले, तिन्ही डाव्या हाताचे. कुंपणापलीकडून शेजारी पाहत होते. त्यांना सगळे सल्लागार म्हणत. त्यांनी जन्मात गाडी घेतली नव्हती, त्यामुळे गाड्यांबद्दलचं त्यांचं मत निःपक्षपाती असे.

"मी असतो तर उजवीकडून सुरुवात केली असती," सल्लागार म्हणाले.

"का?"

"डावीकडून तुम्ही केलीत आणि बघा काय झालं."

बाहेर गारठा होता, दंव पडत होतं. म्हणून काढलेला प्रत्येक भाग चष्मेवाला आत नेऊन दिवाणखान्यात जुन्या चादरीवर मांडत होता, गाडीत होता तसाच. सोफा म्हणजे समोरची काच. खिडकीकडची बाजू आईची, दाराकडची त्याची. प्रत्येक भागाच्या ज्या भोकात जो स्क्रू होता तो त्या भोकाशेजारी. एकूण एक स्क्रू काळा, एकाच जातीचा, पण लांबीत थोडाथोडा फरक. कुणी नखाएवढा, कुणी बोटाच्या पेराएवढा. संध्याकाळपर्यंत सगळी खोली म्हणजे एक उलगडून ठेवलेली गाडी झाली, आणि ती पाहून त्याला जरा अभिमानही वाटला. दुकानात सुटा केलेला चष्मा तो असाच फडक्यावर मांडे.

चहानंतर आई कोट घालून दाराशी आलीच.

"आज गाडी दुरुस्तीला आहे," बायको म्हणाली. "आज राहता का आमच्याकडे?"

"छे छे. मुलं आहेत हो घरी."

बायकोने तिचा हात धरला, पुढच्या दाराने बाहेर नेलं, घराला एक प्रदक्षिणा घातली आणि मागच्या दाराने आत आणलं. "आलं बघा घर," ती म्हणाली.

आईने स्वयंपाकघर पाहिलं. मग त्या दोघांकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही भली माणसं आहात," ती हळूच म्हणाली. "मला चांगलं ठेवलंत. पण आता जाऊ द्या ना मला. मी कुणाला काही सांगणार नाही."

चष्मेवाला हातातला पान्हा घेऊन तसाच उभा राहिला. तक्रार विभागात अशा वेळी काय बोलतात हे त्याने बायकोकडे पाहून विचारलं, नजरेनेच. बायकोने मान हलवली. असली तक्रार तिच्याकडेही कधी आली नव्हती.

आई कोट न काढताच झोपली.

शनिवारी सकाळी डॅशबोर्ड उतरला. त्यामागून वायरींचा एवढा गुंता बाहेर आला, की गाडीला आतून दाढी आल्यासारखी दिसू लागली. बायको कामावर गेली होती. चष्मेवाला पुढच्या सीटवर उताणा पडून, डोकं पेडलपाशी आणि पाय खिडकीबाहेर, अशा अवस्थेत हीटरची पेटी खोलत होता. पंचाइत अशी, की जिथे डोळे पोचत तिथे हात पोचत नव्हते आणि हात पोचत तिथे त्याचा चष्मा अडकत होता. अखेर दुपारी जुना कोअर बाहेर आला. हिरव्या क्षाराने भरलेली, कोपऱ्यात कुजलेली ती जाळी हातात घेऊन तो बसून राहिला. एवढ्याशा वस्तूवर आईचं घर चालत होतं.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं, की चहाची वेळ केव्हाच टळून गेली आणि आतून काही आवाज नाही.

तो धावत आत गेला. आई दिवाणखान्यात बुटक्या स्टुलावर बसली होती. कोट खुंटीला होता, पर्स खुंटीला होती. ती गुणगुणत होती. बायको कामावरून आलेली, दारात उभी, तोंडावर बोट.

"आज घरी जायचं म्हणालीच नाही," बायको कुजबुजली. "मी आल्यापासून बघतेय. किती छान बसलीय!"

खरंच छान बसली होती. आईचं एकेकाळी शिवणाचं दुकान होतं, हाताखाली चार पोरी होत्या. उभ्या आयुष्यात तिने बटणं, हूक, टाचण्या कधी पसरलेल्या राहू दिल्या नाहीत. आता तिच्यासमोर घरातल्या साऱ्या बश्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येक बशीत स्क्रू होते, लांबीप्रमाणे निवडलेले, डोकी एका दिशेला केलेले. चादरीवर गाडीचे भाग होते, पण त्यांच्या शेजारी काही नव्हतं. पुसून घेतल्यासारखी स्वच्छ चादर.

"काय हो पसारा केला होता कुणी!" आई समाधानाने म्हणाली. "पोरींना सांगून सांगून थकले. एवढ्याएवढ्याने जात वेगळी होते, एकत्र ठेवू नये."

चष्मेवाल्याने एका बशीतला एक स्क्रू उचलला; तो कुठल्या भोकाचा, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्याला रडावं की तिच्या पाया पडावं हे ठरवता येईना. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच आईची दुपार गाडीशिवाय गेली होती, आणि त्यापायी गाडीच गेली होती.

"मग रोज हेच देऊ या ना!" बायको म्हणाली. "स्क्रू निवडायला."

त्यांनी लगेच करून पाहिलं. बायकोने चार बश्या एकत्र ओतल्या आणि आईसमोर ठेवल्या. आईने त्यांत बोट फिरवलं, बशी बाजूला सारली. "हे झालंय माझं मघाशीच," ती म्हणाली आणि खुंटीकडे पाहिलं. "चला, आता निघायला हवं."

कुंपणापाशी सल्लागारांना परिस्थिती सांगितली तेव्हा ते म्हणाले, "त्यात काय? जो बसेल तो त्याचा."

दुर्दैव असं, की चष्मेवाल्याच्या धंद्याचाही हाच नियम होता. चष्म्याच्या काडीला स्क्रू लावायचा, बसला तर बसला. लांब झालाच, तर पलीकडून बाहेर आलेलं टोक चिमट्याने कापायचं आणि कानशीने घासायचं. सगळी कारकीर्द त्याने असे स्क्रू बसवले होते, आणि कुणाच्या नाकाची तक्रार आली नव्हती.

नवा कोअर त्याने पेटीत बसवला. किती सुंदर होता तो! चंदेरी, पातळ, नाजूक. दोन्ही नळ्या जोडल्या, पट्ट्या आवळल्या. मग पेटीचं झाकण. झाकणाला स्क्रू हवे होते. बश्या शेजारच्या सीटवर होत्या. मधल्या लांबीचा एक घेतला, बसला. दुसरा बसला. खालच्या कोपऱ्यातला डोळ्यांना दिसत नव्हता, तो चाचपून लावला. तो जरा जास्तच आत गेला. शेवटच्या वेढ्याला बोटांना काहीतरी जाणवलं, 'कच्' असं, बिस्किटात सुरी जावी तसं. तो थबकला. टोक पलीकडे आलं असेल, त्याला वाटलं. मग पलीकडे चिमटा नेता येणार नाही हेही त्याला कळलं. स्क्रू घट्ट बसला होता. घट्ट बसलेला स्क्रू काढायचा म्हणजे शकुन मोडल्यासारखं. त्याने पुढचा घेतला.

रविवारी सकाळी गाडी पुन्हा गाडीसारखी दिसत होती. रेडिओ थोडा वाकडा होता आणि बशीत मूठभर स्क्रू उरले होते. "कंपनीवाले मुद्दाम जास्तीचे घालतात," सल्लागार म्हणाले, आणि चष्मेवाल्याने तोवर कुणावर ठेवला नव्हता एवढा विश्वास त्यांच्यावर ठेवला. त्याने इंजिन सुरू केलं. पंखा घुमला. आधी गार, मग कोमट, मग गरम, अगदी गरम वारा पायांना लागला. बायको स्वयंपाकघरातून भिजल्या हाताने धावत आली आणि तिने आपले दोन्ही हात त्या वाऱ्यात धरले.

"तक्रार मिटली!" ती म्हणाली. तिचे डोळे ओले होते. ते वाऱ्याने झालं, असं दोघांनी मानलं.

दादा दुपारी आला. त्याची गाडी नवी, लांबलचक आणि कुजबुजल्यासारखी चालणारी. आईने त्याला नीट न्याहाळलं. "तुम्ही लिफ्टवाले ना?" ती म्हणाली.

"हो आई, मी दादा."

"लिफ्टवालेच. आमच्या थोरल्यालाही लिफ्टचं फार वेड." आणि कप विसळून पालथा घालून ती कोट घालायला गेली.

"बघ आता," चष्मेवाला दादाला म्हणाला. त्याच्या आवाजात जादूगाराचा तोरा आला होता. "तू तुझ्या गाडीने मागून ये. हॉर्न वाजवायचा नाही. एक फेरी, आणि फाटकात शिरली की बाई खूश."

"बघू," दादा म्हणाला. तपासणीला आलेले अधिकारी याहून जास्त बोलत नाहीत.

शाळा गेली. आईच्या पायांना ऊब लागली, तिने पर्सवरची पकड सैल केली. चष्मेवाला आरशात दादाची गाडी पाहत होता आणि मनात म्हणत होता, बघ, बघ. आईची मान डुलली. पुलाच्या तोंडाशी गतिरोधक होता. रोजचाच, कडेकडेने घ्यायचा. आज त्याचं लक्ष आरशात होतं. गाडी दणकन उडाली.

गोड वास त्याला आधी आला. मग काच खालून वर धुरकट होत गेली, कुणी पडदा ओढावा तशी. स्क्रूनेच भोक पाडलं होतं आणि स्क्रूनेच ते बुजवून धरलं होतं. धक्क्याने तो हलला एवढंच. कुठला स्क्रू, हे त्याच्या बोटांना तत्काळ आठवलं. त्याने बाहीने काच पुसली, ती पुन्हा धुरकटली. पूल दिसेना, रस्ता दिसेना. थांबायचं नव्हतं. तो थांबला.

आई जागी झाली. तिने खाली पाहिलं. तिचे मोजे भिजले होते, कोमट पाणी पायांवरून ओघळून चपलांत साचत होतं. तिचा चेहरा एकदम लहान झाला.

"अहो," ती कसंबसं म्हणाली, "हे माझ्याकडून झालं का?"

"नाही. नाही, आई."

"मला कळलंच नाही हो. कधी असं होत नाही. तुमची गाडी खराब केली मी. कुणाला सांगू नका."

"माझ्याकडून झालं," चष्मेवाला म्हणाला. "माझ्याकडून झालंय हे." पण ती ऐकत नव्हती. ती रुमालाने सीट पुसत होती, जी कोरडीच होती.

दादाने दार उघडलं. वाकून आईचे मोजे काढले, आपला मफलर तिच्या पायांना गुंडाळला आणि तिला हाताला धरून आपल्या गाडीत बसवलं. त्याच्या हीटरला आवाजही नव्हता.

"काय करायचं आता?" दादाने विचारलं. खालच्या आवाजात, खरोखरच विचारलं. आई मागे न पाहता रडत होती.

"फिरव," चष्मेवाला म्हणाला. "टाकीला वळसा घालून ये. हळू. मध्ये थांबू नकोस, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. लाल दिवा दिसला की लांबूनच वेग कमी कर. थांबायचं ते दारातच."

दादाने मान हलवली. गाडी गेली.

चष्मेवाला आपल्या गाडीत येऊन बसला. इंजिन बंद केलं. धुरकट काचेला बोटाने एक भोक पाडलं आणि त्यातून पुलाकडे पाहत राहिला. थोड्या वेळाने दादाची गाडी परतून आली, शेजारून गेली. आईची मान काचेला टेकलेली होती, तोंड किंचित उघडं. दादाने दोन बोटं वर केली, म्हणजे झोपली. गाडी घराच्या दिशेने वळली. चष्मेवाल्याने श्वास सोडला.

गाडी परत आली. दुसऱ्यांदा शेजारून गेली, पुन्हा टाकीकडे.

फोन वाजला. दादा कुजबुजत होता. "तुझ्या फाटकाशी जाऊन आलो. तुझी बायको उभी होती. थांबलो नाही."

"का? थांबायचं होतं. उठली असती आणि..."

"आणि खूश झाली असती. माहीत आहे. उद्या?"

चष्मेवाल्याने फोन दुसऱ्या कानाला धरला.

"उद्या चहानंतर काय करशील? परवा?"

उद्या मी पुन्हा खोलेन, असं त्याला म्हणायचं होतं. गॅरेजवाल्याच्या पाया पडेन, टॅक्सी करीन, पाठीवर घेऊन टाकीला वळसा घालीन. यातलं प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं. पण समोर आईची ओली चप्पल पडली होती.

"अरे, मला जबरदस्ती नाही करायची," दादा म्हणाला. "पण किती शांत झोपलीय. तूच म्हणालास, थांबायचं ते दारातच. मग माझ्याच दारात थांबतो. तिथून निवास दोन गल्ल्यांवर आहे. घरी सोबतीला तुझी वहिनी असेल. पहिले काही दिवस आमच्याकडेच ठेवू. ठेवू ना?"

हे विचारणं होतं की सांगणं, ते चष्मेवाल्याला कळलं नाही. दादालाही कळलं नसावं.

धुरकट काचेतल्या भोकातून त्याला दादाची गाडी पुन्हा पुलावर येताना दिसली. या खेपेला तिचा दिवा दुसऱ्या बाजूला लुकलुकत होता, मोठ्या रस्त्याच्या बाजूला. हात बाहेर काढून ओरडलं असतं तर दादा थांबला असता. आणि थांबला असता तर आई उठली असती.

"पेट्रोल आहे का पुरेसं?" चष्मेवाल्याने विचारलं. "वाटेत पंपावर थांबावं लागता कामा नये."

"टाकी भरलेली आहे."

"पुढच्या गावात एक गतिरोधक आहे, अचानक येतो. कडेकडेने घे."

"घेतो."

"आणि तिचे पाय..."

"गरम आहेत," दादा म्हणाला.

गाडी वळली. आईचं डोकं काचेवरून जराही हललं नाही, इतकं सफाईदार वळण दादाने घेतलं.

मागे हॉर्न वाजायला लागले. एक बस अडकून पडली होती. बसवाला उतरून आला आणि त्याने काचेवर टकटक केली.

"काय झालं? चालू होत नाही का?"

"होते की," चष्मेवाला म्हणाला. "पण आता कुणाला सोडायचं नाहीये."

बसवाल्याने त्याच्याकडे आणि त्याच्या पायाशी साचलेल्या हिरव्या पाण्याकडे पाहिलं. "बरं, तुम्ही स्टिअरिंग धरा," तो म्हणाला, आणि मागे जाऊन गाडी ढकलू लागला.